लाल मुठीची जागा

नोव्हेंबरातला मंगळवार. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि क्लेमंट गॅदरकोल आपली जुनी गाडी धुक्यातून पायी चालल्यासारखी हळू हाकत पिंचबेकांच्या शेताकडे निघाला होता. काम साधंच होतं. एका विधवा बाईच्या गोठ्यात विमानाचा पुढचा तुकडा पडून होता. तो कुठल्या जातीच्या विमानाचा, ते तिला हवं होतं.

क्लेमंटला हे काम सांगणं म्हणजे सोनाराला अंगठी दाखवण्यासारखं होतं. चाळीस वर्षं त्यानं विमानांची घड्याळं, काटे, तबकड्या दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर तो इंग्लंडातल्या लिंकनजवळच्या एका लहान विमान-संग्रहालयात फुकट राबायचा. तिथली दोस्तमंडळी त्याच्या डोळ्यांना मफलर बांधून त्याला कुठल्यातरी कॉकपिटमध्ये बसवायची. क्लेमंट हात फिरवायचा, वास घ्यायचा आणि नाव सांगायचा. अकरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. स्वतः मात्र तो कधी उडाला नव्हता. लहानपणी कान फुटला होता, म्हणून हवाई दलानं त्याला जमिनीवरच ठेवलं होतं.

ऑड्री पिंचबेक दारातच उभी होती. साठीची बाई, अंगात नवऱ्याचा कोट, बाह्या दुमडलेल्या.

"बूट काढू नका," ती म्हणाली. "या मातीला घरात यायची सवय आहे. चहा आधी की गोठ्यातला तो पत्र्याचा डबा आधी?"

"डबा आधी. उजेड आहे तोवर."

"उजेड म्हणता याला? बरं, चला."

वाटेत तिनं सांगितलं. नवरा अर्नेस्ट जूनमध्ये गेला. ती आता स्केगनेसला बहिणीकडे राहायला जाणार होती. भंगारवाला गुरुवारी येणार होता.

"तो म्हणाला, पत्रा आहे, नेतो. मी म्हटलं, आधी त्याचं नाव तरी कळू दे. बिननावाचं कुणाला घराबाहेर काढू नये, मिस्टर गॅदरकोल. कुत्र्यालासुद्धा नाही."

गोठ्याचं दार ढकलताच आतला थंड, ओला वास अंगावर आला. पेंढा, चुना, जुनं तेल. मधोमध चार ओंडक्यांवर तो तुकडा बसवला होता, सीटच्या मागे करवतीनं कापल्यासारखा. वर काचेचं सरकतं झाकण होतं, अर्धं उघडं, पिवळं पडलेलं. बाजूला लाकडी खुर्ची होती. बसून बसून तिची बैठक गुळगुळीत झाली होती.

"अर्नेस्टची?" क्लेमंटनं विचारलं.

"हो. युद्ध संपत आलं तेव्हा, पंचेचाळीसच्या वसंतात, खालच्या शेतातल्या चिखलातून त्यानं हे बाहेर काढलं. एकट्यानं, दोन घोडे लावून. कुणाला सांगितलं नाही. मला लग्नानंतर कळलं." तिनं झाकणाकडे बोट केलं. "आत माणूस नव्हता म्हणे. आणि झाकण आतून बंद होतं. पहारीनं उघडलं त्यानं, पण ते अर्ध्यावर आलं आणि अडकलं ते अडकलंच."

"आतून बंद?"

"तो तसं म्हणायचा. मग दर नोव्हेंबरात, ते पडलं त्या महिन्यात, इथं येऊन बसायचा. थर्मास घेऊन. वर्तमानपत्र वाचून दाखवायचा."

"कुणाला?"

"ते मी विचारलं नाही. बाईकडे जात असता तर विचारलं असतं. पत्र्याच्या डब्याबद्दल काय विचारायचं?" ती हसली, पण हसू लगेच मावळलं. "बघा तुम्ही. मी आधण ठेवते."

क्लेमंट अडकलेल्या झाकणाखालून अंग चोरून आत उतरला. सीट ओली, बर्फासारखी गार. तबकड्या कुणीतरी केव्हाच काढून नेल्या होत्या. त्यांच्या जागी गोल भोकं उरली होती. नावाची पट्टी नव्हती. त्याला काही वाटलं नाही. त्यानं डोळे मिटले.

आधी विमान वळवायचा दांडा. वर कडं, आणि अर्ध्याच्या वर बिजागरी. हा तर स्पिटफायरचा, त्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा. मग उजवीकडे हात गेला. चाकं उचलायचा खटका खाचांच्या चौकटीतून फिरणारा. ही चौकट हरिकेनची, दुसऱ्याच ब्रिटिश विमानाची. दोन्ही एका ठिकाणी असायचं कारण नव्हतं. त्यानं पुन्हा चाचपलं. झाकणाच्या रुळाशी बोटं नेली तर तिथं दातेरी साखळी लागली, आणि खाली तिला फिरवायची फिरकी. ही तर अमेरिकन रीत. तीन जातींचं कलम. युद्धाच्या घाईत कुठल्यातरी कारखान्यानं प्रयोग म्हणून एकच बनवलं असेल, आणि एकाच माणसाच्या हाती दिलं असेल.

तेवढ्यात वास बदलला.

पेंढ्याचा वास गेला. गरम रबर, पेट्रोल, ओली लोकर... आणि त्याखाली अगदी पुसट पेपरमिंटचा. क्लेमंटनं डोळे उघडले नाहीत. त्याच्या उजव्या गुडघ्याशी काहीतरी हळूहळू फिरत होतं. कर्र... कर्र... फिरकी. साखळीचे दात एकेक करून सरकत होते.

डोक्यावर झाकण बंद झालं.

आता त्यानं डोळे उघडले. काच पिवळी नव्हती. ती स्वच्छ होती आणि तिच्या चारी बाजूंना पांढरं धुकं होतं. गोठा नव्हता. जमीन नव्हती. रिकाम्या भोकांमध्ये तबकड्या होत्या, आणि हे काटे त्यानं हजारदा हातात धरले होते. उंची सांगणारा काटा उतरत होता. इंजिनाचा आवाज नव्हता. नुसता वारा, सुरीसारखा.

"गोळा कुठाय..."

आवाज अगदी कानाशी होता, त्याच्या फुटक्या कानाशी. त्या कानानं त्याला लहानपणापासून काही ऐकू आलं नव्हतं.

"गोळा... इथंच असतो ना? वरती..."

बाईचा आवाज होता. तरुण, दमलेला. घाबरण्यापेक्षा वैतागलेला जास्त, किल्ली सापडत नसावी तसा. क्लेमंटचे हात, कसे कोण जाणे, शांत झाले. स्पिटफायरमध्ये डोक्यावर काळा रबरी गोळा असतो. तो ओढला की झाकण सुटतं. ती तो शोधत होती. दांडा स्पिटफायरचा, म्हणून गोळाही असणार, असं तिला वाटत होतं. युद्धात कारखान्यातून हवाई तळावर नवी विमानं उडवत पोचवणाऱ्या मुली असत, त्यांपैकी ती असावी. आज हे विमान, उद्या ते, सोबतीला प्रत्येक विमानाची माहिती लिहिलेल्या कार्डांची एक छोटी वही. आणि या कलमी विमानाचं कार्ड कुणी लिहिलंच नव्हतं.

"बाई," तो कुजबुजला. "इथं गोळा नाही."

वारा होता तसाच राहिला. मग अगदी हळू आवाज आला, "...कोण?"

"नाव क्लेमंट. नीट ऐका. हे स्पिटफायर नाही."

"मग काय आहे हे?" आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी कशात बसलेय?"

अकरा वर्षं लोक त्याला हाच प्रश्न विचारत आले होते आणि तो उत्तर देत आला होता. पण या विमानाला नावच नव्हतं. काटा उतरत होता. नऊशे फूट. आठशे. क्लेमंटनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि पुन्हा बोटांवर भिस्त ठेवली. साखळी अमेरिकन. झाकण अमेरिकन. म्हणजे ते सोडवायची मूठही त्यांचीच, तीसुद्धा त्यांच्याच जागी. पुढे, उजवीकडे, वरच्या चौकटीखाली. त्यानं हात लांबवला. तिथं मूठ नव्हती. दोन रिकामी रिव्हेटची भोकं होती, आणि त्यांच्या भोवतीचा पत्रा गुळगुळीत.

"उजवा हात," तो म्हणाला. "पुढे न्या. काचेची चौकट खाली जिथं संपते तिथं. लाल मूठ असेल."

"नाहीये..."

"आहे. अजून पुढे. घाई नको, पोरी. मी आहे ना."

कुणाचा तरी हात त्याच्या हातावर येऊन टेकला. हातमोजा होता, आणि त्यातली बोटं बारीक. क्लेमंटनं ती बोटं आपल्या बोटांनी पुढे नेली, भोकांपाशी, आणि तिथं आता काहीतरी थंड आणि गोल होतं.

"खाली नाही ओढायची," तो म्हणाला. "सरळ आपल्याकडे. जोर लावून. आता..."

फटकन आवाज झाला. वारा एकदम आत घुसला, त्याची टोपी उडाली, श्वास कोंडला. आणि त्या क्षणी, फक्त एक क्षण, क्लेमंट गॅदरकोल उडत होता. खाली काही नव्हतं, वर काही नव्हतं, आणि त्याच्या मांडीवरून कुणीतरी उठून निघून गेल्यासारखं वजन हललं.

"मिस्टर गॅदरकोल. अहो."

ऑड्री त्याचा खांदा हलवत होती. दुसऱ्या हातात कप होता, आणि बशीत अर्धा चहा सांडला होता. वर गोठ्याचं छप्पर होतं.

"मला वाटलं, तुम्हीही गेलात," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "किती वेळ हाका मारतेय."

त्यानं चहा घेतला, पण कप ओठापर्यंत नेता येईना. तिनं तो धरला. दोन घोट पोटात गेल्यावर त्यानं सगळं सांगितलं. शेवटी तिनं एकच विचारलं.

"बाई होती?"

"हो. तरुण. पंचविशीची असेल."

ऑड्री अर्नेस्टच्या खुर्चीत जाऊन बसली.

"एक्केचाळीस वर्षं तो इथं येऊन बसला," ती म्हणाली. "बाई आहे हे मात्र त्यानं कधी सांगितलं नाही मला." मग तिनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. "थंडीत बिचारी एकटी. बरं केलं त्यानं. मीही एखादा केक आणून ठेवला असता."

क्लेमंट उतरायला उठला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की त्याला अंग चोरावं लागलं नाही. डोक्यावर झाकण नव्हतं. रूळ मोकळे होते आणि त्यांवरचा गंज ताजा खरवडला होता. दोघांनी पेंढा उचकला, ओंडक्यांमागे पाहिलं, दार बाहेरून तपासलं. छप्पर धड होतं. एवढं मोठं काचेचं झाकण कुठंच नव्हतं.

भंगारवाल्याला ऑड्रीनं नको म्हणून कळवलं. तो तुकडा संग्रहालयात न्यायचं ठरलं. क्लेमंटनं पाटीसाठी मजकूर लिहिला. जातीच्या जागी 'एकमेव' असं लिहिलं आणि खाली ते विमान पोचवायला निघालेल्या मुलीसाठी एक ओळ कोरी सोडली. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली, आणि पुढच्या रात्रीही.

दहाव्या दिवशी ऑड्रीचा फोन आला. खालच्या शेताच्या कडेला पाण्याचा चर खोल करायला माणसं आली होती. बारा फुटांखाली, काळ्या मातीच्या कधीच न उकरलेल्या थरात, त्यांना काच लागली होती.

क्लेमंट पोचला तेव्हा लख्ख ऊन होतं आणि ऑड्री चराशी उभी होती. ताडपत्रीवर ते झाकण ठेवलं होतं. चौकटीतून जाडजूड मुळं आरपार गेली होती. चाळीस वर्षांहून कमी काळात नाही वाढत अशी मुळं. झाकणाची कडी सुटलेली होती. मजुरांचा मुकादम, टेड स्टॅनिलँड नावाचा थोराड माणूस, शेजारी उकिडवा बसला होता. त्याच्या हातात फडकं होतं.

"सकाळपासून पुसतोय," तो क्लेमंटकडे न बघता म्हणाला. "बाहेरून निघाली स्वच्छ. आतून नाही राहत."

"दव असेल," क्लेमंट म्हणाला.

"दव सगळीकडं धरतं, साहेब."

क्लेमंट गुडघ्यांवर बसला. आतल्या बाजूला, तोंडाच्या उंचीवर, बशीएवढा वाफेचा डाग होता. त्यानं फडकं घेऊन तो पुसला. काच आरपार झाली, पलीकडचं गवत दिसलं. टेड आणि ऑड्री पुढे वाकून बघू लागले.

डाग परत धरला, आत कुणी श्वास सोडावा तसा. त्याच्या शेजारी, जरा खाली, दुसरा धरला, दुसऱ्या कुणाच्या श्वासाचा.