विसरवाडीचं खोकं

"नाकेदार दादा, चाला! दुकानना चुरा करी टाका, अन् त्यासना पत्ता नही!"

विसरवाडीच्या जंगलनाक्यावर सिंधुबाई अनवाणी धावत आली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. फत्तेसिंग नाकेदार एका ट्रकमधल्या सागाच्या ओंडक्यांवरचे शिक्के तपासत होता. त्याने ट्रक तसाच उभा ठेवला.

सिंधुबाई ही धुडकू मिस्तरीची बायको. धुडकू गिटारी बनवायचा. नंदुरबार-नवापूरकडे जे चार-दोन लोक गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवायचे, त्यांच्यात एक म्हणच पडली होती : कलकत्त्याची ती गिटार, विसरवाडीचं ते खोकं.

"कोणी मोडलं दुकान?"

"तापीकाठना गुजर लोके. काल दुपारले जीप भरीसन उनात. म्हनतस, तुन्हा नवरानी सुकलालभाईना डोया फोडा. धरम भी बुडावा."

"आणि धुडकू काय म्हणाला?"

"एक शब्द नही. उभा राहीसन देखत राह्यनात. लोके गयात, मंग म्हने, जरा जाई येस. रातभर मी वाट देखी."

पळून गेलेला माणूस गुन्हेगार. न बोलणारा तर दुप्पट गुन्हेगार. जगाचा न्याय हा असा असतो, त्याला साक्षीदार लागत नाही. फत्तेसिंगही त्याच जगातला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच : केलंच असणार त्यानं.

कारण फत्तेसिंग स्वतः वाजवणारा होता. सहा वर्षांपूर्वी बायको वारली. त्यानंतर नाक्यावरची संध्याकाळ खायला उठायची, म्हणून त्याने नंदुरबारच्या पितांबरशेठच्या दुकानातून कलकत्त्याची गिटार आणली. तीन पगार मोजून आणली. रोज सांजेला तो नाक्याच्या ओट्यावर वाजवत बसे. ऐकायला एकच माणूस यायचा. धुडकू. समोरच्या ओंडक्यावर बसायचा, बिडी विझली तरी ओढत राहायचा, बोलायचा काही नाही.

"बघ मिस्तरी," फत्तेसिंग म्हणायचा, "याला म्हणतात गिटार. तुझं ते खोकं!"

"खरं शे, दादा," एवढंच म्हणून धुडकू उठून जायचा.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चिरफाळलेल्या पेट्या, तुडवलेल्या फळ्या. कोपऱ्यात एक मडकं कलंडलं होतं. त्यात पांढरं काहीतरी दगडासारखं वाळलं होतं.

"हे काय?"

"त्यासनं चिकट." सिंधुबाईने मडक्याला पायानेच ढोसलं. "माले च्याले दूध नही, अन् लाकडंसले रोज शेरभर दूध! दूध फाडो, चोथा धुवो, चुना कालवो. सात वरीस व्हयनात, हाऊच धंदा."

"सरस का नाही लावत? सगळे सुतार लावतात."

"म्हने, आपला आठला पाऊसपानीमा सरस टिकस नही. चिघळस. सरसनं भांडं त्यासनी कवयनंच फेकी दिधं."

फत्तेसिंगने एक अर्धवट पेटी उचलली. तिला पाठ अजून जोडलेली नव्हती. पाठीची फळी वेगळी पडली होती. तिच्या बरोबर मधोमध, रेघ मारल्यासारखं सरळ, डागून लिहिलेलं : धुडकू, विसरवाडी.

"नाव पेटी बंद करायच्या आधीच डागतो?"

"मंग? बंद व्हयनी का हात कसा जाई आत?"

भिंतीवरचा खिळा रिकामा होता. नाव डागायचं लोखंड तिथं टांगलेलं असायचं. सगळी हत्यारं टाकून माणूस तेवढंच घेऊन गेला होता.

दुपारच्या गाडीने फत्तेसिंग चिंचपाड्याला उतरला. मिशनच्या दवाखान्यात सुकलालभाई उजव्या डोळ्याला पट्टी बांधून पडले होते. केळीच्या बागा असलेला माणूस, सुरतेला कॉलेज शिकलेला. गिटारीचा नाद तिथेच लागला. गळ्यात तुळशीची कंठी. फुटकी गिटार खाटेखाली होती.

"भाई, कसं झालं?"

"एकादशीचं भजन होतं. तिसऱ्या पदाला घोडी उखडली. तारा जिच्यावर टेकतात, तीच. तार आणि चिरफळी सरळ डोळ्यात. डॉक्टर म्हणतात, हा डोळा गेला."

"गिटार सांगायला कोण गेलं होतं?"

"मी स्वतः. कातडं उकळून काढलेला सरस माझ्या मांडीवर चालत नाही, नाकेदार. कलकत्त्याच्या गिटारीत काय असतं देव जाणे. म्हणून आपल्या भागातल्या माणसाकडे गेलो. त्याने तापीची शपथ घेतली. म्हणाला, सरसाचा थेंब लागणार नाही. तुमचं नाव आत घालून देतो म्हणाला. भारी खुशीत होता."

"आणि आणली कोणाकडून?"

"पितांबरशेठकडून. चाव्या आणि तारा तोच बसवतो ना. धुडकूची प्रत्येक पेटी आधी त्याच्या दुकानात जाते."

"आत तुमचं नाव आहे?"

"कुठलं! त्याचं एकट्याचं आहे. तेही वाकडं."

फत्तेसिंगने खाटेखालून गिटार ओढली. नाव होतं खरं, पण भोकाच्या अगदी जवळ, कलतं, मुंग्या सांडल्यासारखं. भोकाची कडही एका जागी जळून काळी झाली होती. त्याने सिस्टरकडून गरम पाणी आणि कापसाचा बोळा मागून घेतला. बोळा घोडीच्या जागेवर दाबून धरला. थोड्या वेळात तपकिरी सरस विरघळून सुटला. वास आला तसं सुकलालभाईंनी तोंड फिरवलं.

"हाच तो वास. डोळ्याचं मी सोसेन. पण सहा महिने हे मांडीवर घेऊन मी देवाचं नाव घेतलं. तापीची खोटी शपथ घेतली त्याने. पोलिसात देणार आहे मी. हातकड्या घालून विसरवाडीतून फिरवायचा त्याला."

फत्तेसिंगने घोडीवरचा बोळा उचलला.

"तुमच्याकडे कलकत्त्याची आहे ना? ती नाही उखडली कधी?"

"माझी?" फत्तेसिंगची मान ताठ झाली. "सहा पावसाळे झाले, भाई. नाक्याचं छप्पर गळतं. रात्र रात्र पाणी ठिबकलंय तिच्यावर. एक सांधा हलला असेल तर..."

तो मध्येच थांबला. हातातल्या ओल्या बोळ्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. तुमच्या नावाने पितांबरशेठला एक निरोप धाडू का? नवी गिटार हवी म्हणून. चांगली, कलकत्त्याची, सरस नसलेली. घेऊन यावं म्हणावं."

"आता वाजवून काय करू, नाकेदार?"

"धुडकूला हातकड्या घालायच्या आधी एवढं करा. मग मी आडवा येणार नाही."

दुसऱ्या दिवशी पितांबरशेठ आला. एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेली गिटार. केळीच्या बागायतदाराला केळी आणणारा हा माणूस. दाराशी पोलीस ठाण्याचा भटू जमादार साध्या कपड्यांत तंबाखू मळत उभा होता. शेठला वाटलं, तोही कोणाला तरी भेटायला आला असेल.

"अरेरे, भाई! मी तेव्हाच म्हणत होतो, त्या सुताराच्या नादी लागू नका. ही घ्या. खास कलकत्त्याची. परवाच पार्सल सोडवलं."

"सरस नाही ना हिच्यात?" फत्तेसिंगने विचारलं.

"कंठी घातलेल्या माणसाला फसवीन का मी, नाकेदारसाहेब?"

"बघू या."

गरम पाण्याचा बोळा घोडीच्या सांध्यावर बसला. एक घटका गेली. पाणी बदललं, पुन्हा बोळा. सांधा तसाच दगडासारखा. वास नाही, काही नाही.

"खरंच सरस नाही," फत्तेसिंग म्हणाला.

शेठ हसला. "मी काय म्हणालो?"

"मग काय आहे, शेठ? कलकत्त्याचे कारागीर काय लावतात?"

"ते... ज्याचं त्याचं गुपित असतं."

"दूध आणि चुना तर नाही?"

शेठचा हात केळ्यांच्या फणीवरच राहिला. फत्तेसिंगने भोकातून आत बघितलं. पाठीच्या मधोमध कलकत्त्याची छापील चिठ्ठी डकवलेली होती, चांगली तळहाताएवढी. त्याने कापूस काडीला गुंडाळला, गरम पाण्यात बुडवला आणि आत घातला.

"अहो, खराब होईल! नवा माल आहे!"

"शेठ, बसा," दारातून भटू जमादार म्हणाला.

चिठ्ठी भिजली, फुगली, काडीला लागून बाहेर आली. फत्तेसिंगने गिटार उजेडाकडे धरली आणि सुकलालभाईंच्या चांगल्या डोळ्यासमोर नेली.

आत सरळ, मधोमध डागलेलं होतं : धुडकू, विसरवाडी. त्याखाली बारीक तापल्या तारेने डागलेली ओळ : सुकलालभाईंसाठी.

सुकलालभाईंचा हात कंठीकडे गेला.

"ही तुमची गिटार, भाई," फत्तेसिंग म्हणाला. "धुडकूने शपथ पाळली होती. ही पितांबरशेठकडे तारा बसवायला आली. शेठने ती वाजवून बघितली आणि त्याला समजलं, ही विसरवाडीच्या भावात द्यायची चीज नाही. म्हणून तिला कलकत्त्याची चिठ्ठी लावली, महाग गिऱ्हाइकासाठी ठेवली, आणि तुम्ही सरस नसलेली मागितली म्हणून आज तीच काढून आणली. तुम्हाला दिली ती त्याच्या मागच्या खोलीत खोक्याच्या लाकडाची जोडलेली. सरसाने. तिच्यावर धुडकूचं नाव हवं होतं. पण पेटी तर बंद झालेली. मग तापलेली तार भोकातून घालून कसंबसं डागलं. म्हणून नाव भोकाजवळ आहे, कलतं आहे, भोकाची कड जळलेली आहे. धुडकू नाव पाठ उघडी असताना डागतो. त्याला तिरकं लिहायचं कारणच नाही."

"आणि खरं नाव खरवडता येईना," भटू जमादार म्हणाला, "म्हणून चिठ्ठी."

"हात पोचत नाही ना आत. ही पहिलीही नसेल, शेठ. इतकी वर्षं चांगला माल कलकत्त्याच्या नावावर आणि भंगार विसरवाडीच्या नावावर. एका माणसाची कीर्ती चोरायची आणि वर आपली बदनामी त्याच्याच दारात ओतायची."

पितांबरशेठने फणी खाली ठेवली. आता तो घाबरलेला नव्हता, चिडलेला होता.

"आणि विसरवाडीचं नाव ठेवलं असतं तर घेतली असती कोणी? अं? तुम्ही लोक कानाने घेता का गिटार? चिठ्ठी वाचून घेता! तुम्ही घेतली असती का, नाकेदार? तीन पगार मोजून?"

चोर खरं बोलला की त्याला कानाखाली मारावंसं वाटतं, कारण तेवढंच हातात उरलेलं असतं. भटू जमादाराने शेठला दंडाला धरून उठवलं.

"नाकेदार," सुकलालभाई हळूच म्हणाले, "त्याला शोधा. माझ्या माणसांनी त्याचं दुकान मोडलं. मी स्वतः उभं करून देतो. पाय धरतो त्याचे."

त्या संध्याकाळी नाक्यावर फत्तेसिंगने चुलीवर पाणी ठेवलं. ओट्यासमोरच्या ओंडक्यावर आज कोणी नव्हतं. त्याने स्वतःची गिटार उलटीसुलटी करून बघितली, जणू पहिल्यांदाच बघतोय. मग ओला कापूस आत घातला. सहा वर्षांची जुनी चिठ्ठी, लवकर निघेना.

खाली नाव होतं. सरळ. मधोमध.

त्याने गिटार भिंतीला टेकवली. मग उठून लाकडाच्या पासांचं बुक काढलं. धुडकू शिवणीचं लाकूड वापरायचा, आणि दर उन्हाळ्यात ते या नाक्यावरूनच यायचं. पासावर ठिकाण एकच : तोरणमाळ. धाडणारा : रायसिंग.

सातपुड्याची चढण चढून फत्तेसिंग वर पोचला तेव्हा ऊन कललं होतं. पाठीला गिटार होती. रायसिंगच्या अंगणात धुडकू एकटाच बसून नांगराचं जू तासत होता. शेजारी, कापडात गुंडाळलेलं, ते नाव डागायचं लोखंड.

"मिस्तरी, शेठ कोठडीत आहे. सुकलालभाईंना सगळं कळलं. ते पाय धरायला तयार आहेत."

धुडकूने तासणं थांबवलं नाही. "डोया?"

"गेला."

"मंग काय उपेग, दादा. मन्हं नाव वाचीसनच बसना व्हता ना तो भजनले."

फत्तेसिंग त्याच्यासमोर बसला. गिटार दोघांच्या मध्ये ठेवली. आत चिठ्ठीची जागा अजून ओलसर होती. धुडकूने एकदा बघितलं आणि नजर काढली.

"तुला माहीत होतं?"

"आपलं पोर वळखू येस नही का?"

"सहा वर्षं मी तुझ्या तोंडावर तुझ्याच गिटारीची तारीफ करत होतो. तुला खोकंवाला म्हणत होतो. एकदा तरी बोलायचंस!"

"बोलनू असतू, ते तू दुसरं दिनले वाजाडं असतं का?" धुडकू म्हणाला. "मी इतल्या गिटारी करात. मन्हासमोर एक भी कोनी वाजाडी नही. तू वाजाडे. मी उन्हू."

खाली दरीतून वारा वर येत होता. फत्तेसिंगला माफी मागता येत नव्हती. त्याने गिटार मांडीवर घेतली, तारांवर फिरवायची कांडी काढली आणि रोजचंच गाणं धरलं.

दोन ओळी झाल्या. धुडकूने जू खाली ठेवलं.

"दादा, एक सांगू? राग नही ना येनार?"

"सांग."

"तिसरी तार उतरेल शे."

"कधीपासून?"

"सहा वरीस व्हयनात."

फत्तेसिंग थांबला. मग त्याने गिटार उचलून धुडकूच्या मांडीवर ठेवली. धुडकूने हात धोतराला पुसले, कान पेटीला टेकवला आणि चावी हलकेच पिळली.