लाल राहिलेलं द्रावण

बर्फ मागायला म्हणून तो दारात आला आणि नेमकी माझी फजिती बघून थबकला. माझ्या नळीतलं सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं लालभडक द्रावण बघता बघता निळं पडलं होतं, म्हणजे कण एकमेकांना चिकटून सगळं बिघडलं होतं.

"मीठ... एकदम ओतलंत?"

"घाई झाली," मी रडवेल्या आवाजात म्हटलं.

त्या कणांवर मला डीएनएचे धागे बसवायचे होते, आणि मीठ हळूहळू सोडलं तरच ते नीट बसतात. पेशीत आजाराची खूण सापडली की ते उजळणार होते. शुक्रवारी परीक्षकांना ते दाखवता आलं नाही, तर माझं तीन वर्षांचं काम बंद. आणि डीएनएची आता एकच कुपी उरली होती.

तो शेजारच्या प्रयोगशाळेत पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, बनवायचा. आम्ही सगळे त्याला 'सावकाश' म्हणायचो, अगदी तोंडावरसुद्धा. बर्फाचं भांडं खाली ठेवून त्याने स्टूल ओढलं.

"नवं द्रावण घ्या. अर्ध्या तासाला मिठाचा एक थेंब. मी नळी धरतो, घड्याळ बघतो; तुम्ही मीठ सोडा."

दोन थेंबांच्या मधे बोलायला भरपूर वेळ होता.

"आईला अजून वाटतं, मी औषधाच्या दुकानात आहे," तो म्हणाला.

"मग सांगत का नाही?"

"सांगतोय ना... सावकाश."

मी पोट धरून हसले. पण त्याच्या हातांकडे मात्र बघतच राहिले. इतकं जीव लावून नळी धरणारा माणूस मी पाहिला नव्हता.

संध्याकाळी ते द्रावण लालच होतं, म्हणजे शेवटची कुपी कामी आली होती. दुसऱ्या दिवशी त्याने त्यावर आपलं पेप्टाइड जोडलं. कणांना पेशीत शिरायला वाट करून देणं हे त्याचं काम.

शुक्रवारी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी उजळत गेली. थोरल्या परीक्षक बाई बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग म्हणाल्या, "काम चालू ठेवा."

सगळे गेल्यावर तो आपलं बर्फाचं भांडं न्यायला आला. उद्यापासून त्याला इकडे यायचं काही कारणच नव्हतं.

"तुम्ही मला आवडता. फार आवडता. रोज या," मी एका दमात बोलून टाकलं.

सवयीने त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"पुन्हा घाई केली ना मी? बिघडवलं सगळं—"

त्याचे कान लालबुंद झाले होते.

"लाल आहे," मी हळूच म्हटलं. "म्हणजे बिघडलं नाही."

"नाही बिघडलं," तो म्हणाला. भांडं खाली ठेवून त्याने स्टूल ओढलं.