रुमालाची जागा

मैलापूरच्या त्या संगीत सभेच्या हॉलमध्ये कीर्ती गाणं ऐकायला शिरलीच नव्हती. बाहेर पाऊस होता, आत पंखे होते आणि डोकं धरून बसायला तिला एक खुर्ची हवी होती, एवढंच. दुपारच्या फुकट कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत एक रिकामी दिसली, तशी ती टेकली.

"ही जागा धरलेली आहे," कुणीतरी तमिळमध्ये कुजबुजलं.

उठून पाहते तर खाली खरंच एक चौकड्यांचा रुमाल. मालकाचा पत्ता नाही. "रुमालाला ऐकायचंय का गाणं?" ती स्वतःशीच मराठीत पुटपुटली.

"रुमालाचे मामा कॅन्टीनांत आहेत. डोसा खाऊन येतील..." उत्तर चक्क मराठीत आलं.

ती वळली. उंच, सावळा, गळ्यात कार्यकर्त्याचा बिल्ला, हातात टॉर्च, आणि हसू दाबताना गालाला पडणारी खळी. हा चंद्रमौळी. तंजावरच्या मराठी घरातला, सभेचं ऑफिस सांभाळणारा. नावं सांगून झाली आणि दोघांनी एकमेकांकडे पुन्हा निरखून पाहिलं. कारण आठवडाभर फोनवर ती ज्या 'मिस्टर राव'ना इंग्रजीतून "होईल सर, होईल" म्हणत होती, ते मिस्टर राव हेच!

होत मात्र काहीच नव्हतं. सभेच्या तिकिटांची वेबसाइट कीर्तीच्या अड्यारच्या ऑफिसकडे होती. चाचणीला शंभरेक सभासद एकदम आत शिरले आणि ती ठप्प झाली. शनिवारी सकाळी खरी विक्री. पुन्हा बंद पडली तर सेक्रेटरी कृष्णस्वामी पूर्वीसारखी रांग लावणार होते, आणि कीर्तीच्या साहेबांनी तिला पुण्याला परत बोलवायचं बोलून ठेवलं होतं. तसं पुणं वाईट नव्हतं. पण हरून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

चंद्रमौळीने तिला कॉफी पाजली. स्वतःच्या कपात साखर पडू लागली, तेव्हा "मज होणा" म्हणाला. होणा म्हणजे नको, हे तिला हाताच्या खुणेवरून कळलं आणि उगाचच आवडलं.

"सांगा, नक्की अडतं कुठे?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. सर्व्हर डेटाबेसकडे जाणारी ठरावीक कनेक्शनं उघडून ठेवतो. आलेल्याला एक देतो, काम झालं की परत घेतो. किती ठेवायची ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिने आकडा वाढवून पाहिला, तर डेटाबेसनेच हात टेकले.

"आणि घेऊन कोणी परत केलंच नाही तर?"

कीर्तीने कप खाली ठेवला. तिची नजर दारातून आत, तिसऱ्या रांगेकडे गेली. रुमाल तसाच होता. मामा अजून डोशावरच असावेत, आणि भिंतीशी चार माणसं उभ्याने गाणं ऐकत होती.

"तुम्ही काय करता अशा रुमालांचं?"

"दुसरं गाणं सुरू होईतो थांबतो. मग टॉर्च घेऊन फिरतो, अस्के, एकूण एक रुमाल उचलतो. नियमच आहे. मीच केलेला."

कप अर्धा टाकून ती रिक्षाकडे धावली. छत्री तिथेच राहिली.

फाइलमध्ये तेच निघालं. रिकामं अडवलेलं कनेक्शन किती वेळाने काढून घ्यायचं, तिथे कुणीतरी शून्य लिहून ठेवलं होतं. शून्य म्हणजे कधीच नाही! सभागृहाचा नकाशा उघडून, खुर्ची निवडून जेवायला गेलेला सभासद कनेक्शन धरून बसायचा. तिने वाढवलेला आकडा खाली आणला, शून्याच्या जागी दोन मिनिटं लिहिली, सर्व्हर बंद करून चालू केला आणि मोठ्याने हसली. छत्रीच्या निमित्ताने फोन आला, मग निमित्ताशिवायही येऊ लागला. शुक्रवारी तो म्हणाला, "उद्या सायंकाळी गाण्याच्या कचेरीला या. तुमच्यासाठी जागा धरतो..."

शनिवारी विक्री सुरू झाली आणि सुरूच राहिली. कृष्णस्वामींनी स्वतः फोन करून आभार मानले. पण साहेबांचा निरोप आला तो वेगळाच. पुण्यातली जागा अजून मोकळी आहे, आता हवं तर मानाने ये, सोमवारपर्यंत सांग. त्यात अहवाल लिहिता लिहिता सहा वाजून गेले. रिक्षा पाण्यातून वाट काढत होती आणि कीर्तीला एकच धास्ती होती. दुसरं गाणं कधीच सुरू झालं असणार.

सभागृह खच्चून भरलं होतं. पाचवं गाणं चाललं होतं. भिंतीशी माणसं उभी, त्यांत चक्क कृष्णस्वामी, तोंड फुगवून. आणि तिसऱ्या रांगेत एका खुर्चीवर रुमाल. शेजारी पहारा दिल्यासारखा चंद्रमौळी उभा होता, हातातली टॉर्च विझलेली.

"नियम तुमचाच ना?" ती धापा टाकत कुजबुजली.

"माझाच," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "सेक्रेटरींनी तीनदा जागा मागितली. मी दिली नाही. मज... मज उचलवलाच नाही तो."

इतकं कुणी कधी तिच्यासाठी थांबलं नव्हतं. कीर्तीने रुमाल उचलला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि बसली.

"रुमाल परत...?"

"नाही मिळणार." ती समोर गायिकेकडे बघत राहिली, पण हसू काही लपेना. "आणि ते पुणं आहे ना... मज होणा."