कोयरीची खूण

सहा वर्षांत वाचनालयात आलेलं हे नववं यंत्र. वत्सला उंबरकर पार वैतागल्या होत्या. आधीचं यंत्र आवाजावर चालायचं, त्याआधीचं डोळ्यांच्या इशाऱ्यावर. हे नवं हवेत बोटं नाचवून चालवायचं. एक शिकावं तोवर दुसरं दारात हजर. देवघेवीच्या टेबलापाशी वाचक ताटकळत उभे आणि बाई माशा हाकलल्यासारखे हात हलवताहेत, हे रोजचंच झालं होतं.

यावर वरच्या कार्यालयाने उपाय धाडला, सवयपट्टी. ती कपाळाला तासभर लावली, की वर्षभराच्या सरावाने येणारी सफाई थेट मेंदूत उतरायची. पट्टी घेऊन आलेल्या डॉ. निरंजन सोमणांनी सोपं करून सांगितलं. सवय म्हणजे मेंदूतली मळलेली पायवाट. नव्याने रान तोडत बसण्यापेक्षा पट्टी जवळपासची जुनी वाटच नव्या गावाकडे वळवते.

"मग जुन्या गावाला जायचं कसं?" बाईंनी विचारलं.

"जायचंच नाही. कामात नसलेलीच वाट घेतो आम्ही."

"कामात नाही, हे ठरवतं कोण?"

"पट्टी."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून जुने वाचक एकविसाव्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करत. कुणाचा त्रिकोण, कुणाचं टिंब. बाई खूण पाहून माणूस सांगत. त्यांतली कोयरी त्यांच्या आईची. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण कपाट लावताना कोयरी दिसली की बाईंना ती भेटल्यासारखी वाटे आणि दिवस बरा जाई. हे शास्त्रज्ञाला सांगायचं कसं? शिवाय पट्टी नाकारली तर गोदामात बदली ठरलेली, आणि तिथे पुस्तकं नाहीत, नुसत्या खुर्च्या.

"लावा एकदाची," त्या त्रासून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची बोटं हवेत अशी फिरली की रांग पंधरा मिनिटांत संपली. शेवटी राहिले ऐंशीचे नाना खरे. नेहमीसारखं पुस्तक पुढे करून त्यांनी विचारलं, हे आपलं वाचून झालंय का. तीस वर्षं याचं उत्तर बाईच देत आल्या होत्या. त्यांनी एकविसावं पान उघडलं. नुसत्या रेघोट्या. त्यांनी खोडरबर उचललं.

नानांनी घाईने पानावर हात ठेवला. "अहो वत्सलाताई, ती कोयरी इंदिराबाईंची. तुमच्या आईची."

बाईंनी निरखून पाहिलं. आई खूप वाचायची, हे त्यांना नीट आठवत होतं. नाना खोटं बोलणारे नव्हते, हेही ठाऊक होतं. पण आत काही हललं नाही.

"असेल," त्यांनी नानांचा हात बाजूला केला. "पुस्तकात लिहू नये, हे आईला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं."

आणि त्यांनी पान स्वच्छ पुसून घेतलं.