अर्ध्या कोयत्याची यादी

दिवाळीच्या सुट्टीचे बेत प्रियदर्शनी, भागवत आणि संगीता या तिघांनी कधीच पक्के केले होते. संगीताची आई ऊसतोडीला गेली, की संगीता गावातल्या हंगामी वसतिगृहात राहणार आणि तिघं मिळून शाळेच्या संगणकावर एक नवा खेळ बनवणार. खेळाच्या नावावरून भांडणसुद्धा उरकलं होतं. पण सोमवारी वसतिगृहाच्या दारावर यादी लागली आणि तीत संगीताचं नावच नव्हतं!

यादी काढणारा प्रोग्रॅम प्रियदर्शनीने लिहिला होता. सातवीतल्या मुलीने! अशी पोरगी अख्ख्या आष्टी तालुक्यात सापडायची नाही, असं वसतिगृहाचे व्यवस्थापक सुंदरराव येईल त्याला ऐकवत. म्हणूनच संगीताने वाद घातला नाही.

"तू केलीस ना यादी? मंग बरोबरच आसंल," एवढंच म्हणून ती बोचकं बांधायला घरी गेली. ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी निघणार होता.

प्रियदर्शनीला यादी पटेना. संगीताचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले होते. आई दगडाबाई गेल्यावर घरात कोणीच उरत नव्हतं. मग हिला नाही तर जागा द्यायची कोणाला? भागवतला घेऊन ती सुंदररावांकडे गेली. त्यांनी तर यादी न वाचताच सही ठोकली होती. संगणक चुकत नसतो, असं त्यांनी चहाचा घोट घेत सांगितलं आणि दोघांना वाटेला लावलं.

शाळेचे शिपाई भागवतचे चुलते, त्यामुळे किल्लीची अडचण नव्हती. प्रियदर्शनीने प्रोग्रॅम उघडला. जिकडे तिकडे नुसती अक्षरं. ए, बी, के, पुन्हा के-दोन.

"ह्ये के म्हंजे काय गं?" भागवतने विचारलं.

ते तिलाच आठवेना. उन्हाळ्यात संगणक शिकवणाऱ्या शिवशंकर सरांनी कितीदा बजावलं होतं: सहा महिन्यांनी वाचलं तरी कळेल असं नाव द्या आणि अट का घातली ते शेजारी लिहून ठेवा. मीच लिहिलंय, मला कळेलच की, असं म्हणून तिने घाईघाईत उरकलं होतं. सरांची आता घाटनांदूरला बदली झाली होती. तिने फोन लावला. सर रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. संगीताची माहिती भर, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय झालं ते वहीत टिपून ठेव, असं त्यांनी सांगितलं.

वय बदललं, नाव येईना. इयत्ता बदलली, तरी येईना. तेवढ्यात चुलत्यांनी शाळा बंद केली. मंगळवारी सकाळी दोघं पुन्हा हजर. भागवतने कोयत्याच्या रकान्यात अर्ध्याच्या जागी एक टाकला आणि संगीताचं नाव पडद्यावर आलं!

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा. बीडच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. प्रियदर्शनीलाही ठाऊक होतं. तरी तिची अट होती, के एक असेल तरच नाव घ्यायचं. प्रोग्रॅम तपासताना तिने सगळ्या जोड्याच भरून पाहिल्या होत्या. एकटी बाई भरून बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

दोघांनी हे जाऊन सांगितलं, तरी सुंदरराव ऐकेनात. मग भागवतने साळसूदपणे विचारलं, की गंमत म्हणून तुमचं नाव भरून बघू का? काकू नोकरीमुळे उमापूरला असतात, तेव्हा तुम्ही एकटेच ऊसतोडीला निघालात असं धरू. सुंदरराव खूश झाले. त्यांनी शाळेत येऊन मुलाचं नाव स्वतः सांगितलं. जुन्या प्रोग्रॅमने यादी काढली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"माझ्या लेकराचं नाव कावून न्हाई?"

"तुमी अर्धा कोयता हाव म्हणून," भागवत म्हणाला.

सुंदररावांनी अट बदलून काढलेल्या नव्या यादीवर सही केली. संगीता आणि आणखी तीन मुलांची नावं वाढली होती.

दोघं धावत वेशीपाशी गेले. ट्रॅक्टर तासाभरापूर्वीच निघून गेला होता.

दगडाबाईंचा फोन संध्याकाळी लागला. सुंदररावांनी टोळी घेऊन गेलेल्या मुकादमालाही विनवून पाहिलं, पण तो मागे फिरायला तयार होईना.

"आता पोरीला एकटीला कशी धाडू? ऱ्हाऊ दे बाई," दगडाबाई म्हणाल्या. संगीता फोनवर आली. माझ्यासाठी थांबू नका, खेळ बनवा, एवढंच तिने सांगितलं.

ग्रामसभेत सरपंच राधाकिशन यांनी दोघांचं तोंडभरून कौतुक केलं. अजून गावातच असलेल्या तीन लेकरांची शाळा वाचली, असं ते म्हणाले. प्रियदर्शनी उठून उभी राहिली.

"चूक माझीच व्हती," ती म्हणाली.

तिच्या प्रामाणिकपणाबद्दल लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. तिला त्या ऐकवेनात.

दुसऱ्या दिवशी तिने के खोडून तिथे 'कोयता' लिहिलं. अटीच्या वर तिने टीप घातली: अर्धा कोयता म्हणजे एकटी आई किंवा एकटे वडील. त्यांच्या लेकरालाही जागा द्यायची. मी हे लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून संगीता ऊसतोडीला गेली. मग तिने फाईल जतन केली आणि ती खूप रडली.