पाझराची चूळ

जेवण झालं की देवजी आबा ओट्याच्या कडेला बसून चुळा भरायचे. एक, दोन, पाच, सात. पाणी तोंडात गुळगुळवायचे आणि पचकन अंगणात थुंकायचे. गेल्या काही वर्षांचीच ही खोड. कल्याणच्या कॉलेजातून घरी आलेल्या अक्षदाला त्या आवाजाची शिसारी यायची.

"आबा, दात झिजले! पुरे की!"

"पुरे तं पुरे. या, बसा. एक खरं घडलेलं सांगतो."

चुलत बहीण चंदा लगेच सरकून बसली. अक्षदा भिंतीला टेकून उभीच राहिली.

"आपल्या वरच्या धरणावर पंढरी नावाचा चौकीदार व्हता. माझ्या ओळखीचा..."

धरण पाड्याच्या डोक्यावरच. पंचेचाळीस वर्षांचा मातीचा भराव, त्याच्या पायथ्याशी पाझराची नाली. आसपासच्या गावांच्या नळाला तिथलंच पाणी. मातीचं धरण झिरपायचंच, असं आबा म्हणाले. पाझर नितळ आहे तोवर भ्यायचं कारण नाही. गढूळला, की धरण आतून वाहून चाललं. आधीचा चौकीदार धर्मा नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. रोज त्या पाण्याची चूळ भरायचा. दाताखाली कचकच लागते का, बघायचा.

"धरनाच्या पोटात काळी चिकन माती हाय. लांबून ट्रकानं आनलेली. आपल्या पाड्यात सगळी तांबडी. धर्मा मेला. पंढरी पह्यलं तीन महिने नालीवर गेला, मंग घरी बसूनच वहीत लिवाया लागला, पानी स्वच्छ. महिनाभर. चिखलात, जळवांत कोन जानार?"

"शी!" अक्षदा म्हणाली. "आणि खाली बावीस घरं."

"ऐक तं. दोन हजार बावीस साल. सर्वपित्रीची आदली रात, शनवार. सव्वानऊ वाजलेलं. सकाळी सायेब येनार, म्हनून पंढरी वही चौकीत ठेवाया निघाला. धरन काठोकाठ. हातात बॅटरी. पाऊस थांबलेला. नालीकडं आला तं आवाज. गुळगुळ... गुळगुळ... थू."

आबांनी अंगणाकडे बोट केलं.

"पाठमोरा बसलेला. उकिडवा. खाकी शर्ट. धर्माचा."

"मेलेला धर्मा?" चंदा कुजबुजली.

"त्याला जाळून चार महिने झालेलं. मान न वळवता म्हनला, तोंड उघड."

"मग?"

"पंढरीनं तोंड उघडलं. धर्माची ओंजळ ओठाला लागली. गार. कुजक्या गाळाचा वास. आन् दाताखाली..."

आबांनी दातांवर दात घासले.

"कचकच."

चंदानं ओढणी तोंडाशी धरली. अक्षदानं विचारलं, "मग पंढरीनं कळवलं कुणाला?"

"...नाय."

"का?"

"महिनाभर काय लिवलं, ते इचारलं असतं ना गो. आन् धरन टिकलंय की अजून."

"पंढरी कोण, आबा? धर्मानंतर वर तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. तुमचा डबा चौकीवर मीच आणायचे."

"अक्षू! मोठ्यांशी कसं बोलतेस?" घरातून आई ओरडली.

"कसं बोलू? भुताला भ्यायले, नोकरी जाईल म्हणून भ्यायले. खाली पोरं झोपतात, त्याची भीती नाही वाटली यांना. किळस येते मला." ती आबांसमोर येऊन उभी राहिली. "उद्या पहिल्या जीपनं मुरबाडला. धरणाच्या ऑफिसात सगळं सांगायचं. तुमच्या तोंडानं."

आबा म्हणाले, "येतो."

सवयीनं त्यांनी तांब्या उचलला. चूळ भरली. थुंकले.

अक्षदानं मोबाइलची बॅटरी लावली. तांब्यात पाहिलं. पाणी नितळ. तळ दिसत होता.

मग तिनं उजेड अंगणात टाकला.

तांबड्या मातीवर गोळा पडला होता... काळा. चिकण. ओला.