खिरणगडाचा वलंदेज चितारी

वैशाखातल्या त्या सकाळी खिरणगडाच्या पूर्व बुरुजावर उन्हाची पहिली तिरीप पडली, तेव्हा खाली शाही फौजेच्या राहुट्यांतून चुलींचा धूर निघत होता, भिस्ती डोहावरून पखाली भरून आणत होते, आणि वर गडावर, सात महिन्यांच्या वेढ्याने खंगलेली साडेतीनशे माणसे वाटीभर पाण्यासाठी टाक्याच्या कोरड्या पायऱ्यांवर रांगेने बसली होती.

त्या रांगेत एक गोरा, वाकलेला म्हातारा होता. योरिस त्याचे नाव. वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, मुलखात बर्फाची चित्रे काढणारा म्हणून त्याचे नाव झाले होते. गोठलेले कालवे, पर्णहीन झाडे, राखाडी आभाळाखाली लाकडे वाहणारी माणसे, याखेरीज त्याने आयुष्यात दुसरे काही रंगवले नव्हते. एका साथीत बायको आणि दोन्ही मुली गेल्या, तेव्हा तो नकाशे काढायच्या चाकरीवर जहाजात चढला आणि वेंगुर्ल्याच्या वखारीत उतरला. तिथून किल्लेदार रुद्राजी गव्हाणे यांच्या वडिलांनी तटबंदीचे नकाशे करवून घेण्यासाठी त्याला गडावर आणले. त्याला आता एकोणीस वर्षे झाली होती. गडाची प्रत्येक वाट त्याच्या हाताने कागदावर उतरली होती. काम संपले की तो शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा, निळीचा निळा आणि काताचा तपकिरी रंग घोटून पुन्हा आपला हिवाळा रंगवीत बसे. वेढा पडल्यापासून रंगात कालवायचे पाणी तो स्वतःच्या वाटीतले काढी.

रुद्राजींची विधवा बहीण अंबिकाबाई जखमींची शुश्रूषा करी. एके दिवशी तिने त्याच्या हातातले चित्र न्याहाळून विचारले, "चितारीबाबा, हे पांढरं मैदान कसलं?"

"पाणी आहे, बाईसाहेब. थंडीनं दगड झालेलं पाणी. माणसं त्यावरून चालत बाजाराला जातात."

बाईने मागे वळून जखमींकडे पाहिले. मग म्हणाली, "हे जखमींना दाखवू नका. कालपासून दोघं पाण्याच्या नावानं बरळताहेत."

योरिसने चित्र गुंडाळून ठेवले. त्यानंतर त्याने कुंचला उचलला नाही.

त्याच आठवड्यात वेढा घालून बसलेल्या अजमतखानाचा वकील तहाचे बोलणे घेऊन वर आला. दरबारात तहाची कलमे वाचून झाली, रुद्राजींनी ती नाकारली. परंतु परत जाताना वकिलाने देवडीपाशी योरिसला गाठले आणि हलक्या आवाजात खानाचा निरोप सांगितला. अजमतखानाने विजापुरात त्याचे एक चित्र पाहिले होते. असा कारागीर या उजाड डोंगरावर तहानेने मरावा हे खानाला रुचत नव्हते. गडाच्या चोरवाटेचा नकाशा दिल्यास वेंगुर्ल्याहून मायदेशी जाणाऱ्या जहाजात जागा मिळेल, हा खानाचा शब्द होता.

योरिस तडक सदरेवर गेला आणि घडले ते सारे त्याने रुद्राजींना सांगितले.

"मग नकाशा द्यावा म्हणतो," तो शेवटी म्हणाला.

रुद्राजींचा हात कट्यारीकडे गेला नाही. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "तुम्ही परमुलखाचे. गेलात तर आम्ही बोल लावणार नाही. पण चोरवाट दाखवू नका."

"नकाशात चोरवाट दक्षिणेच्या गिधाडनाळेत दाखवेन. ती नाळ वर बंद आहे, हे आपल्याला ठाऊक, खानाला नाही. उत्तरेला नुसता ताशीव कडा आहे, तिथली चौकी फुकट अडकली आहे, असंही सांगेन. खान ती चौकी हल्ल्यासाठी ओढून घेईल. त्या वेळात उत्तरेच्या खऱ्या वाटेनं बायकामुलं खाली उतरवा."

"खान तुम्हांला ओलीस ठेवील."

"ठेवीलच."

"आणि नाळ बंद आहे हे कळल्यावर?"

योरिसने नुसता कोरा कागद मागितला. रुद्राजी उठले आणि त्यांनी आपल्या वाटणीचे पाणी त्याच्यापुढे धरले. म्हाताऱ्याने अर्धे प्यायले, अर्धे परत केले.

योरिस नकाशा घेऊन छावणीत उतरला, तेव्हा खानाने त्याला गालिच्यावर बसवले, सरबत पाजले आणि नकाशा उलगडून बारकाईने पाहिला.

"उत्तरेला वाट नाही, याची खात्री?"

"एकोणीस वर्षं तो कडा रेखाटतोय, हुजूर."

"आपली चित्रं खोटं बोलत नाहीत, म्हणून विश्वास ठेवतो," खान म्हणाला. "गड फत्ते होईतो आपण आमचे मेहमान."

तिसऱ्या दिवशी तांबडे फुटताच, उत्तरेच्या चौकीवरची माणसे धरून, तीनशे निवडक शिपाई गिधाडनाळेत शिरले. ती घळ अरुंद होत गेली, आणि जिथे नकाशात पायऱ्या काढल्या होत्या तिथे पुरुषभर पुढे आलेला काळा कातळ निघाला. मागून चढणाऱ्यांना ते कळायच्या आत वरून धोंडे सुटले. त्याच घटकेला उत्तरेच्या कड्यावरून चौऱ्याण्णव बायकामुले दोरांच्या आधाराने उतरत होती. त्या सर्वांच्या मागून अंबिकाबाई उतरली.

दुपारी योरिसला खानापुढे उभे केले. खानाचा स्वर चढला नाही. "आम्ही आपल्याला घर देत होतो. का केलंत हे?"

"तिकडे माझं कोणी उरलेलं नाही, हुजूर. इकडे होतं."

खानाने नकाशा त्याच्यापुढे टाकला. "अजमतखानाचा शब्द मोडत नाही. जहाजात जागा मिळेल. पण ज्या हातानं हा नकाशा काढला, तो हात इथेच राहील."

मनगटापासून उजवा हात तोडून, जखम उकळत्या तेलात बुडवून, त्याला डोलीतून वेंगुर्ल्याला पोचवण्यात आले.

त्यानंतर अकराव्या दिवशी खिरणगड पडला. रुद्राजी दरवाज्यात लढताना कामी आले. पाणी नसल्यामुळे त्यांच्या माणसांना तलवारी नीट पेलतही नव्हत्या, असे खानाच्याच शिपायांनी पुढे सांगितले.

पाऊसकाळ सरता सरता एक काळवंडलेली बाई वखारीच्या ओसरीवर आली. योरिसने अंबिकाबाईला आवाजावरून ओळखले.

"उतरलो सगळे," ती म्हणाली. "पण रानातले झरे आटलेले. विहिरी फौजेनं बुजवलेल्या. दोन दिवस पाणी मिळालं नाही."

"किती वाचले?"

"सतरा."

योरिसने तिला जवळ बसवले. तो म्हणाला, "नावं सांगा."

"गेलेल्यांची?"

"सगळ्यांची. चेहरे सोबत न्यायचेत."

तिने सांगायला सुरुवात केली. तटावरच्या पहाऱ्याच्या सरनौबताची सून, तिची दोन मुले, गवंड्याची म्हातारी, पखालजीची धाकटी. ज्याचा चेहरा त्याला आठवत नसे, त्याच्यापाशी तो तिला थांबवी. कपाळ कसे होते, केस कसे बांधत असे, हे विचारून घेई आणि मग पुढे जाऊ देई. नव्वदावे नाव झाले तेव्हा तिचा घसा बसला होता. उरलेली चार तिने थांबून, पाणी पिऊन सांगितली.

दुसऱ्या दिवशी भरतीला जहाज सुटले. वखारीच्या लोकांनी योरिसला हात धरून शिडीवर चढवले. ते जहाज मुक्कामी पोचले की नाही, याची खबर वेंगुर्ल्यास कधी आली नाही.